अण्णासाहेब कर्वे आणि देणाऱ्याचे मन

महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी समाजात ज्या सार्वजनिक संस्थांनी शंभरी गाठली, त्यांपैकी बहुतेक वर्गणीवर वाढल्या. वर्गणी ही आज आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की, ती एकेकाळी नवीन होती हे ध्यानातही येत नाही. आपल्याकडे दानधर्माची परंपरा मोठी. परंतु त्या दानाची रूपे ठरलेली होती. घाट बांधावा, देऊळ उभारावे, अन्नछत्र घालावे, ब्राह्मणास दक्षिणा द्यावी. देणाऱ्याच्या मनात पुण्याचा हिशेब असे आणि घेणारा बहुधा डोळ्यांसमोर असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र एक वेगळेच दान मागितले जाऊ लागले. ज्यांना आपण पाहिलेले नाही, ज्यांच्याशी आपले नाते नाही आणि ज्यांचे कल्याण व्हावे की नाही याविषयीच समाजाचे एकमत नाही, अशांसाठी पैसा मागणारी माणसे दारात उभी राहू लागली. त्या माणसांमध्ये धोंडो केशव कर्वे यांचे स्थान फार वरचे आहे. स्त्रीशिक्षणाचे आणि विधवांच्या उद्धाराचे कार्य करणारे महर्षी म्हणून त्यांची ओळख सर्वांना आहे. सत्तर वर्षे सातत्याने मागत राहिलेला, आणि मागता मागता देणाऱ्याच्या मनाची पारख झालेला माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर त्याच चरित्रातील काही वेगळ्या आणि थोड्या अवघड जागा दिसू लागतात.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली या आजोळच्या गावी झाला. घर मुरुडचे, दापोलीजवळच्या समुद्रकाठचे. कर्व्यांच्या घराण्याने पूर्वी वैभव पाहिले होते. अण्णांच्या वाट्याला मात्र ओढगस्तीचा संसार आला. वडील केशवपंत परगावी कारकुनी करून घर चालवीत. दारिद्र्य होते, पण त्याबरोबर एक करारीपणाही होता. श्रीमंताघरची दक्षिणा मिळण्याचा योग आला असता आई लक्ष्मीबाईंनी मुलांना ती घेऊ दिली नाही, ही त्यांच्या बालपणीची हकीकत चरित्रकारांनी आवर्जून नोंदविली आहे. हात पसरावयाचा नाही, ही त्या घरची शिकवण. अशा घरातील मुलाने पुढे सारे आयुष्य दारोदार हात पसरण्यात घालवावे, यात वरवर पाहता विसंगती वाटते. परंतु स्वतःसाठी न मागण्याचा संस्कार पक्का असल्यामुळेच इतरांसाठी मागताना त्यांच्या जिभेला संकोच झाला तरी मनाला कमीपणा वाटला नसावा.

मुरुडच्या शाळेत त्यांना सोमण गुरुजी भेटले. गावासाठी काही करावे ही ओढ या शिक्षकाने मुलांच्या मनात रुजविली. दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम लहानग्या धोंडूकडे असे. ग्रंथालयाच्या सभासदांना हे वाचून समाधान वाटेल की, या थोर पुरुषाच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ दुसऱ्यांसाठी वाचण्यापासून झाला. १८७५ साली सार्वजनिक परीक्षेसाठी मुरुडहून कुंभार्ली घाटमार्गे साताऱ्यापर्यंत केलेली पायपीट आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेस बसण्याची नाकारलेली परवानगी, ही गोष्ट शालेय पुस्तकांमुळे घरोघर पोहोचली आहे. तिचा विस्तार येथे नको. १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. होऊन ते मुंबईत शिकवण्या आणि शाळांतील अध्यापन यांवर निर्वाह करू लागले.

याच काळात त्यांनी स्वतःच्या मिळकतीतून रुपयामागे ठरावीक हिस्सा परोपकारासाठी बाजूला काढण्याची सवय लावून घेतली. कनवाळू माणूस दुःख दिसले की देतो. दुःख नजरेआड झाले की त्याचा हात आखडतो. अण्णांनी देणे हे भावनेच्या लहरीवर सोडले नाही, ते घरखर्चाच्या वहीत नेऊन बसविले. मग तोच नियम त्यांनी गावकऱ्यांपुढे ठेवला. मुरुडच्या मिळवत्या माणसांनी आपल्या प्राप्तीचा लहानसा अंश गावाच्या हितासाठी द्यावा, या कल्पनेतून मुरुड फंड उभा राहिला. मुंबईत विखुरलेल्या मुरुडकरांच्या बिऱ्हाडी जाऊन हा तरुण शिक्षक ती बारीकसारीक रक्कम गोळा करी. आपल्या गावाची ओढ प्रत्येकाला असते. तिला पावतीची जोड दिली की ती टिकते, हे त्यांनी तेथे पाहिले. पुढच्या सगळ्या कार्याची तालीम मुरुड फंडात झाली असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि गावाच्या या आपुलकीला कुंपण होते, आणि ते अण्णांना लवकरच कळले. १८९१ साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. पुन्हा विवाह करावयाचा तर तो विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी विवाह होऊन काही महिन्यांतच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे त्या बाया कर्वे या नावानेच ओळखल्या गेल्या.

विवाहानंतर हे दांपत्य मुरुडास गेले, तेव्हा गावाने बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरही वाळीत पडणार होते. सख्ख्या आईच्या घरी अण्णांना परक्यासारखे राहावे लागले. ज्यांच्याकडून त्यांनी फंडाचे पैसे गोळा केले होते, तीच ही माणसे. ती दुष्ट नव्हती. गावच्या शाळेसाठी पैसा देताना त्यांचे मन जेवढे मोकळे होते, तेवढेच ते या प्रसंगी मिटले. ज्याला आपण आपला मानतो त्याच्याविषयी कळवळा वाटणे सोपे असते; पण रूढीची रेघ ओलांडून जो पलीकडे गेला, त्याच्यासाठी तोच कळवळा आटतो. मनुष्यस्वभावाचा हा धडा अण्णांनी कडवटपणा न ठेवता पचविला, एवढेच नव्हे तर त्यावर पुढच्या कार्याची आखणी केली.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. काही विवाह जमले, पण काम पुढे सरकेना. एकेका विवाहासाठी समाजाशी लढावे लागे, आणि विवाह न करणाऱ्या हजारो विधवांचा प्रश्न तसाच राही. त्यांना आधी स्वतःच्या पायांवर उभे केले पाहिजे, त्यासाठी शिक्षण पाहिजे आणि शिक्षणासाठी आश्रम पाहिजे, या निष्कर्षावर ते आले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष होते. पुण्यात प्लेगचा कहर झाला तेव्हा आश्रम शहराबाहेर हिंगणे येथे नेण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या माळरानावर १९०० साली एक झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील तास संपवून, आश्रमाचे सामानसुमान खांद्यावर घेऊन, चिखल तुडवीत चार मैल चालत हिंगण्यास जाणारे अण्णा पुणेकरांनी कित्येक वर्षे पाहिले.

अशा आश्रमासाठी पैसा कोण देणार होते? काळ मोठा कठीण होता. शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले होते आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या होते. विधवांचा आश्रम म्हटले की देणारा प्रथम संशयाने पाही. त्यातून हा आश्रम काढणारा गृहस्थ स्वतः विधवेशी विवाह केलेला. दात्याच्या मनात दया नव्हती असे नाही. तिच्या आड भय उभे होते. आपण दिलेल्या पैशातून उद्या धर्म बुडाला तर? अण्णांनी दयेला आवाहन करण्यापूर्वी हे भय दूर करण्याचे ठरविले. विधवाविवाहाच्या चळवळीतील आपले पद त्यांनी सोडले. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, ही भूमिका त्यांनी जाहीरपणे घेतली व पाळली. आश्रमातील राहणी सनातनी घरालाही आक्षेप घेता येऊ नये अशी ठेवली. सुधारकांपैकी काहींना हे कच खाणे वाटले. त्यांचा रोष अण्णांनी निमूटपणे सोसला.

परंतु या धोरणाची सर्वांत मोठी किंमत घरातच चुकती झाली. बाया या पुनर्विवाहित. त्या आश्रमात उघडपणे वावरल्या तर मुली पाठविणारे पालक बिथरतील आणि वर्गणीदार दुरावतील, अशी परिस्थिती होती. ज्या स्त्रीच्या दुःखातून अण्णांच्या कार्याला प्रत्यक्ष मनुष्यरूप मिळाले, तिलाच त्या कार्याच्या अंगणाबाहेर राहावे लागले. शिवाय संसाराची ओढाताण होतीच. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सेवकाचे वेतन दरमहा ७५ रुपये. त्यातून शिल्लक पडेल ती आश्रमाकडे जाई. बायांनी सुइणीचे शिक्षण घेतले, मुले वाढविली, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे केले आणि दारिद्र्याला तोंड दिले. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या माझे पुराण या आत्मकथनात त्यांनी हे सारे कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. त्यात पतीविषयीचा आदर आहे तशी तक्रारही आहे. परक्यांच्या लेकींसाठी ज्याचे काळीज तुटते, त्याच्या घरच्या माणसांचे काय, हा प्रश्न जगातील बहुतेक परोपकारी पुरुषांच्या चरित्रांत विचारलाच जात नाही. बायांनी तो विचारून ठेवला, हे त्यांचे मराठी वाचकांवर उपकारच आहेत. आणि विशेष हे की, तक्रार करणाऱ्या या बाईंनी स्वतःही कार्यासाठी गावोगाव फिरून पैसा जमविला.

अण्णांच्या मागण्याची रीत कशी होती? ते वक्ते नव्हते. स्वभाव अतिशय भिडस्त, आवाज हळू, बोलणे मोजके. सभा हलवून सोडणे, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणणे हे त्यांना जमणारे नव्हते आणि त्यांचा तिकडे ओढाही नव्हता. ते घरी जात, काम काय आहे ते सांगत आणि थांबत. मिळाले ते घेत. नकार मिळाला तर राग न धरता पुढच्या वर्षी पुन्हा येत. लहानात लहान रक्कमही ते आदराने स्वीकारीत व तिचा हिशेब छापील अहवालातून देत. चार आणे देणाऱ्यास आपले नाव त्या यादीत दिसे, आणि मग तो आश्रम त्याला थोडासा आपला वाटू लागे. येथे मुरुड फंडाची आठवण होते. तेथे गाव आपला होता म्हणून माणसे देत होती. येथे माणसे देत गेली आणि दिल्यामुळे परकी विधवा हळूहळू त्यांच्या आपलेपणाच्या कुंपणात आली. दयेतून दान निघते असे आपण समजतो. दानातूनही दया निघते, हे अण्णांच्या वर्गणीच्या वह्या दाखवितात.

अलीकडच्या मानसशास्त्राने या विषयाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. हजारोंच्या संकटाचा आकडा ऐकून माणूस जितका हलत नाही, तितका एका मुलाचा चेहरा पाहून हलतो, असे त्यात आढळून आले आहे. अण्णांना हे सिद्धांतरूपाने ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी जे केले ते त्याच्याशी जुळते. देशातील विधवांची संख्या सांगण्यापेक्षा शिकून उभी राहिलेली एक विधवा दात्यापुढे उभी करणे त्यांना अधिक योग्य वाटले. बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले या अशाच एक. लहान मुलगा पदरी असताना त्या विधवा झाल्या, मोठेपणी शिकल्या, आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या आणि निधी जमविण्यात तर त्यांनी सर्वांना मागे टाकले. सुरुवातीची कित्येक वर्षे केशवपन केलेल्या विधवेच्या वेषातच त्या गावोगाव हिंडल्या. सनातनी घरातील दार सुधारक प्रोफेसराला उघडले नसते. ते या सोवळ्या दिसणाऱ्या बाईला उघडे. १९१८ साली त्या इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमासाठी द्रव्य जमविण्यासाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. तेथे त्यांनी परक्या घरी मोलकरणीचे काम केले. पार्वतीबाईंची हकीकत सांगताना त्यांच्याविषयी कीव वाटत नाही. अण्णांना दात्याच्या मनात बहुधा हेच उत्पन्न करावयाचे होते, कारण कीव एकदा चार पैसे देऊन मोकळी होते.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले, १९०८ साली निष्काम कर्ममठ. १९१५ साली जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. त्या वर्षअखेरीस मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतीय महिलांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते विद्यापीठ स्थापन झाले. सरकारी मान्यता नाही, इमारत नाही, विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वर्षाला पाच-दहा रुपये देणाऱ्या वर्गणीदारांच्या बळावर एक विद्यापीठ काढण्याचे हे साहस होते. प्रथम अनेकांनी ते वेडेपणाचे मानले.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास देण्यात आले. या देणगीने विद्यापीठ तगले यात शंका नाही. तिचे वार्षिक व्याजच ५२,५०० रुपये होत असे. मात्र मोठ्या देणगीबरोबर मोठ्या अटीही येतात. सर विठ्ठलदास १९२२ साली निवर्तले. पुढे अटींच्या अर्थावरून विद्यापीठ व विश्वस्त यांच्यात मतभेद झाले आणि काही काळ व्याजाची रक्कम थांबली. त्या टंचाईत म्हातारपणी अण्णांना पुन्हा झोळी घ्यावी लागली. अखेर तडजोड झाली आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य केंद्र मुंबईस गेले. चार आणेवाल्याने कधी अट घातली नव्हती. पण चार आण्यांवर विद्यापीठ चालत नाही हेही खरे. अण्णांनी दोन्ही प्रकारच्या दात्यांना सांभाळले, आणि दोघांचीही उणीदुणी काढली नाहीत.

तत्पूर्वी १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून आपल्या संस्थेची माहिती जगाला दिली. १९३० च्या अखेरीस ते आफ्रिकेस गेले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार ते थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत, तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांकडे जाऊन त्यांनी निधी जमविला. घरापासून दूर गेलेल्या माणसाला घराकडच्या कार्यासाठी देताना वेगळाच आनंद होतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाला हे निराळे सांगावयास नको.

समाजाच्या दानशूरतेची दुसरी बाजू त्यांच्या थोरल्या मुलाने पाहिली. रघुनाथरावांनी संततिनियमनाचा प्रचार हाती घेतला, त्यापायी त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक पदरमोड करून चालविले. त्यांच्यावर खटले झाले. स्त्रियांच्या दुःखाविषयीचा कळवळा दोघांत सारखाच होता. बापाने दात्याच्या भयाला सांभाळून घेतले, मुलाने ते मुळीच जुमानले नाही. एकाच्या पाठीशी वर्गणीदार उभे राहिले, दुसऱ्याच्या फारसे कोणी नाही. बापाचा मार्गच शहाणपणाचा होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण पुढच्या पिढ्यांनी रघुनाथरावांचे म्हणणे ज्या सहजतेने स्वीकारले, ते पाहता हा निकाल इतका सरळ नाही.

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे शाळा काढावयाच्या, हा हेतू. स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनीतील काही भाग देऊन त्यांनी आरंभ केला आणि मग नेहमीप्रमाणे वही घेऊन बाहेर पडले. पुण्याच्या रस्त्यांतून हा कृश वृद्ध घरोघर जाऊन अगदी किरकोळ रकमाही घेत असे. मोठा दाता मिळण्यासारखी तेव्हा त्यांची कीर्ती होती. तरीही ते किरकोळ वर्गणीच मागत राहिले. १९४४ साली समता संघ स्थापन झाला. यावेळी गाव, जात, स्त्री-पुरुष या सर्वच कुंपणांच्या पलीकडे जाण्याचा त्यांचा प्रयत्न होता. या कामाला प्रतिसाद बेताचाच मिळाला. विधवेसाठी देणारा, खेड्यातील शाळेसाठी देणारा भेटतो. सर्व माणसे सारखी आहेत एवढ्यासाठी देणारा भेटणे फार अवघड, असाच अनुभव त्यांना आला असावा.

ज्या मुरुडने वाळीत टाकले होते, त्या मुरुडने पुढे आपल्या या सुपुत्राचा गौरव केला. १९५० साली बाया गेल्या. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण होत असता, भारतरत्न हा सन्मान अण्णांना मिळाला. त्या वर्षी १८ एप्रिल रोजी मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर पंडित जवाहरलाल नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा शताब्दी सत्कार झाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. हिंगण्याच्या ज्या माळावर १९०० साली एक झोपडी होती, त्या परिसराला आज कर्वेनगर म्हणतात.